फ्रेंचमधला इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह : बनवायचा कसा, ओळखायचा कसा

इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह म्हणजे इच्छा, भीती, शंका अशा वाक्यांत येणाऱ्या क्रियारूपाचा (सबजंक्टिव्हचा) भूतकाळ. फ्रेंच नुसतं बोलायचं असेल तर या रूपावाचून काही अडत नाही. आजचा फ्रेंच माणूस ते बोलण्यात वापरत नाही, आणि कुणी वापरलंच तर थट्टेनं. वाचायचं म्हटलं की मात्र गाठ पडतेच. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, जुना पत्रव्यवहार, इतिहासाचे ग्रंथ, आजचं ठेवणीतलं गद्य, सगळीकडे ते भेटतं. म्हणून क्रम असा ठेवावा : सहाही रूपं ओळखता यावीत, दोन-तीन बिनचूक लिहिता यावीत, बाकीची लिहायच्या फंदात पडू नये.

इथे फ्रेंच रूपांचे उच्चार नागरीत दिले आहेत. जिथे लेखन उच्चारापेक्षा वेगळं आहे तिथे अक्षरं सांगितली आहेत. ‘टोपी’ म्हणजे स्वरावरचं सिर्कोंफ्लेक्स चिन्ह (^).

पाया पासे सँप्लचा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नावात ‘इम्परफेक्ट’ आहे म्हणून लोक अपूर्ण भूतकाळाच्या रूपावरून किंवा मूळ क्रियापदावरून हे रूप बनवायला जातात. व्हनीर (येणे) वरून ‘व्हनीस’ असं काहीतरी तयार होतं, आणि तसं रूप फ्रेंचमध्ये नाही. हे रूप निघतं पासे सँप्लवरून, म्हणजे लेखी कथनातल्या साध्या भूतकाळावरून. तो येत नसेल तर आधी तो शिकावा. तो येत असेल तर इथे नव्यानं पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं.

कृती अशी. पासे सँप्लचं ‘त्यू’ (तू) चं रूप घ्या. त्याच्या शेवटी नेहमी एस असतो. त्याला एस-ई जोडलं की ‘ज’ (मी) चं रूप तयार. पार्ले (बोलणे) चं ‘त्यू पार्ला’, शेवटी ए-एस. त्यावरून ‘क ज पार्लास’, शेवटी ए-एस-एस-ई. बाकीच्या रूपांसाठी त्याच एसपुढे अनुक्रमे हे जोडा :

त्यू : एस-ई-एस (पार्लास)
नू (आम्ही) : एस-आय-ओ-एन-एस (पार्लास्यों)
व्हू (तुम्ही) : एस-आय-ई-झेड (पार्लास्ये)
इल, अनेकवचनी (ते) : एस-ई-एन-टी (पार्लास)

राहिलं तृतीयपुरुषी एकवचन, आणि खरी गंमत तिथेच आहे. त्यात दुहेरी एस नाही. ‘त्यू’च्या रूपातला शेवटचा एस काढा, स्वरावर टोपी ठेवा, शेवटी टी लावा. उच्चार ‘पार्ला’च राहतो. टी कानाला ऐकूच येत नाही.

स्वरांवरून क्रियापदांची चार घराणी पडतात. ई-आरने संपणाऱ्या क्रियापदांचा स्वर ‘आ’. आले (जाणे) एरवी कितीही वाकडं असलं तरी इथे सरळ ‘आलास’ होतं. दुसऱ्या घराण्याचा स्वर ‘ई’ : फिनीर (संपवणे) वरून फिनीस, प्रांद्र (घेणे) वरून प्रीस, फेर (करणे) वरून फीस, व्ह्वार (पाहणे) वरून व्हीस. तिसऱ्याचा ‘यू’ : साव्ह्वार (माहीत असणे) वरून स्यूस, पूव्ह्वार (शकणे) वरून प्यूस, व्हूल्वार (इच्छिणे) वरून व्हूल्यूस, व्हीव्र (जगणे) वरून व्हेक्यूस. चौथं घराणं छोटं, अनुनासिक ‘अँ’चं : व्हनीर, तनीर (धरणे) आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं. व्हँस, तँस. तृतीयपुरुषी एकवचनात टोपी आयवर बसते आणि तिच्यापुढे एन-टी येतात. टोपी एनवर चढवलेली कधी कधी दिसते. ती चूक.

फसवी मुळं असलेली काही क्रियापदं वेगळी लक्षात ठेवावी लागतात : नेत्र (जन्मणे) वरून नाकीस, एक्रीर (लिहिणे) वरून एक्रीव्हीस, क्रँद्र (घाबरणे) वरून क्रेन्यीस, कोंद्युईर (चालवणे, नेणे) वरून कोंद्युईझीस. पण ही अनियमितता पासे सँप्लची आहे. तिथून पुढे एकही अपवाद नाही, एत्र (असणे) आणि आव्ह्वार (जवळ असणे) सुद्धा नाहीत. एत्रची रूपं : फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूस्यों, फ्यूस्ये, फ्यूस. आव्ह्वारची : यूस, यूस, यू, यूस्यों, यूस्ये, यूस. आव्ह्वारच्या सगळ्या रूपांत सुरुवातीला ई-यू अशी दोन अक्षरं लिहितात, पण उच्चार नुसता ‘यू’. टोपी यूवर येते, ईवर नाही.

लिहिताना आणखी दोन ठिकाणी हात अडखळतो. मांजे (खाणे) मध्ये जी या अक्षराचा मऊ उच्चार टिकवायला मधला ई ठेवावा लागतो, आणि कोमांसे (सुरू करणे) मध्ये सीखाली सेदीय (शेपटीसारखं चिन्ह) लागतो. आईर (द्वेष करणे) ला मात्र टोपी मिळत नाही, कारण आयवरची जागा त्रेमाच्या दोन टिंबांनी आधीच अडवलेली असते. आणि ज्यांना पासे सँप्लच नाही, उदाहरणार्थ त्रेर (दूध काढणे) किंवा क्लोर (बंद करणे), त्यांना हे रूपही नाही. शोधत बसू नये.

वापर : जुना नियम आणि आजचा

सबजंक्टिव्ह कुठे येतो हे इथे गृहीत धरलं आहे : इच्छा, गरज, भीती, शंका, आणि ‘ब्यँ क’ (जरी), ‘पूर क’ (म्हणून, यासाठी), ‘आव्हां क’ (आधी) यांसारख्या जोडशब्दांनंतर. इम्परफेक्टचा प्रश्न फक्त काळाचा आहे. मुख्य वाक्य वर्तमानात असेल तर गौण वाक्यात वर्तमान सबजंक्टिव्ह : ‘ज व्हो किल व्ह्येन’, त्यानं यावं अशी माझी इच्छा आहे. मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की जुन्या नियमानं गौण वाक्यही मागे सरकतं : ‘ज व्हूले किल व्हँ’, त्यानं यावं अशी माझी इच्छा होती.

मराठी माणसाला हे सरकणं विचित्र वाटतं, कारण आपलं ‘यावं’ दोन्हीकडे जसंच्या तसं राहतं. काळ सांगायचं काम ‘आहे’ आणि ‘होती’ करतात. आजची बोली फ्रेंच नेमकं हेच करते : ‘ज व्हूले किल व्ह्येन’. म्हणजे बोलताना मराठीची सवय बिनधास्त वापरावी. लिहितानाही भीती नाही. मुख्य क्रियापद कंडिशनलमध्ये (सशर्त रूपात) असेल तर वर्तमान सबजंक्टिव्ह चालेल अशी सूट फ्रान्सच्या शिक्षणखात्यानं 1901 मध्येच दिली, आणि 1976 च्या आदेशानं ती मुख्य क्रियापद भूतकाळात असतानाही लागू केली.

गौण वाक्यातली गोष्ट मुख्य गोष्टीच्या आधीच घडून गेली असेल तर प्लुपरफेक्ट सबजंक्टिव्ह येतो : यू किंवा फ्यू, आणि पुढे भूतकालवाचक धातुसाधित. ‘ज क्रेन्ये किल न फ्यू पार्ती’ म्हणजे तो निघून गेला असेल अशी मला भीती होती. इथला ‘न’ नकार नाही. भीतीच्या क्रियापदांनंतर तो शोभेपुरता येतो. त्याला नकार समजलं की वाक्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

फ्यू की फ्यू

सगळ्यात जास्त चुका तृतीयपुरुषी एकवचनात होतात, आणि त्या फ्रेंच लोकांच्याही होतात. कारण उघड आहे. एत्रचं पासे सँप्ल आणि इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह दोन्ही ‘फ्यू’. आव्ह्वारची दोन्ही ‘यू’. फिनीरची दोन्ही ‘फिनी’. फरक फक्त टोपीचा. (आ घराण्यात टीसुद्धा फरक दाखवतो, कारण त्याच्या पासे सँप्लला टी नसतो.) कान इथे काहीच मदत करत नाही.

उपाय सोपा आहे. वाक्य अनेकवचनी करून पाहा. ‘फ्यूर’ येत असेल तर पासे सँप्ल, टोपी नको. ‘फ्यूस’ येत असेल तर सबजंक्टिव्ह, टोपी हवी. ‘ब्यँ किल फ्यू मालाद’ (तो आजारी असूनही) याचं अनेकवचन ‘फ्यूस’, म्हणून टोपी. ‘आप्रे किल फ्यू पार्ती’ (तो निघून गेल्यावर) याचं ‘फ्यूर’, म्हणून टोपी नाही. हे दुसरं उदाहरण मुद्दाम दिलं आहे. ‘आप्रे क’ नंतर घडून गेलेली गोष्ट येते, सबजंक्टिव्ह येत नाही. तरी ‘आव्हां क’च्या सवयीनं तिथे टोपी घालणारे पुष्कळ. ‘दे क’ (होताच) नंतरही तेच.

दव्ह्वार (करावं लागणे) मध्ये तर तिघे एका आवाजाचे. ‘द्यू’ टीसह, टोपीशिवाय : पासे सँप्ल. ‘द्यू’ टोपी आणि टी दोन्हींसह : सबजंक्टिव्ह. ‘द्यू’ नुसत्या टोपीचं, टीशिवाय : भूतकालवाचक धातुसाधित. उलट, ‘नू फ्यूम’, ‘व्हू फ्यूत’ या पासे सँप्लच्या अनेकवचनी रूपांवरही टोपी असते, म्हणून टोपी दिसली की सबजंक्टिव्ह असं धरून चालू नये.

फिनीरसारख्या क्रियापदांत वर्तमान आणि इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह सगळीकडे सारखेच आहेत, फक्त तृतीयपुरुषी एकवचन सोडून : वर्तमानात ‘फिनीस’, इम्परफेक्टमध्ये ‘फिनी’. तिथे बाकीच्या रूपांचा काळ मुख्य वाक्यावरूनच ठरवावा लागतो.

लिहायचं असेल तर

टोपीवालं ‘फ्यू’ आणि ‘यू’ गंभीर लेखनात आजही खपतात, इतर क्रियापदांचं तृतीयपुरुषी एकवचनही चालून जातं. ‘नू’ आणि ‘व्हू’ची ‘-स्यों’, ‘-स्ये’वाली रूपं मात्र टाळावीत. ‘पार्लास्यों’ फ्रेंच कानाला नाटकी वाटतं, आणि चांगले लेखकही वाक्य फिरवून त्यातून सुटतात : कर्ता एकच असेल तर सबजंक्टिव्हऐवजी सरळ मूळ क्रियापद, नाहीतर नाम.

वाचताना आणखी एक वळण भेटतं, त्याचा काळाच्या नियमाशी संबंध नाही. प्लुपरफेक्ट सबजंक्टिव्ह जुन्या लेखनात ‘असतं तर... झालं असतं’ या अर्थी येतो, तोही दोन्ही बाजूंना : ‘सिल यू स्यू, इल फ्यू व्हन्यू’, त्याला कळलं असतं तर तो आला असता. वर्णनात वारंवार येणारं ‘ओं न्यू दी’ यातलंच : जणू काही, वाटावं की. इथे ‘यू’वर टोपी असते, आणि ती विसरली की वाक्य साध्या भूतकाळातलं होऊन बसतं.

शेवटी काही गोठलेली रूपं, जी सुटी शिकावीत. ‘फ्यूस’ (सबजंक्टिव्हचं फ्यू आणि पुढे ‘स’) म्हणजे अगदी ते असलं तरी. ‘न फ्यूस क’ म्हणजे निदान तेवढ्यापुरतं तरी. यात मधला टी मुका राहतो. ‘द्यूतील’ (त्याला करावं लागलं तरी) मध्ये मात्र तो ऐकू येतो. ‘प्ल्यूताद्यो’ म्हणजे देव करो. ‘ज’सह उलटा क्रम केला की शेवटच्या ईवर चिन्ह चढतं : ‘द्यूसेज’, मला करावं लागलं तरी. जुन्या लेखनात ते चिन्ह उजवीकडे चढणारं, म्हणजे एग्यू असतं, आणि 1990 च्या शुद्धलेखन-सुधारणेनं तिथे डावीकडून उतरणारं ग्राव्ह सुचवलं आहे. सबजंक्टिव्हच्या टोपीला त्या सुधारणेनं हात लावलेला नाही.