रंगाआधी ओल: आमच्या घराचा अनुभव
नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या जुन्या घरात रंगकाम सुरू होणार, इतक्यात छताजवळच्या भिंतीला पोपडे आलेले पत्नीच्या लक्षात आले. ओल खोलीतील बाष्पाची की भिंतीच्या आतून येणारी, हे ठरवण्यासाठी आम्ही तेथे प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून २ दिवस ठेवला. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले, म्हणजे दोष आतला होता.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, स्लॅब दिवसा प्रसरण आणि रात्री आकुंचन पावतो, आणि गच्ची व कठडा यांच्या सांध्यात भेग पडते. आमच्याकडेही ती नेमकी तेथेच होती. ठेकेदाराने आतून जलरोधक रंग सुचवला. तो उपाय मला आजही चुकीचा वाटतो, कारण वरून पाणी शिरतच राहते. आम्ही भेग कोरून स्वच्छ केली, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरली, सांध्याला गोलाई दिली, आठवडाभर पाणी मारले आणि सुकल्यावर मध्ये फायबरची जाळी घालून जलरोधक लेपाचे २ हात दिले. त्यानंतर गळती होते का हे पाहण्यासाठी गच्चीवर ४८ तास पाणी साठवले.

गृहप्रवेश महिनाभर लांबला, याचे सासूबाईंना वाईट वाटले. पत्नीने मात्र प्लास्टिकची चाचणी पुन्हा घेतली आणि थेंब दिसले नाहीत तेव्हाच पुट्टी लावू दिली.