टर्बो इंजिनाचा कॅम आणि व्हॉल्व्ह टायमिंग: या चुका टाळा

मे महिना लागला की नागपुरात टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांची तक्रार ठरलेली असते: "पिकअप गेला." पारा 45 च्या पुढे, दुपारचे तीन, वर्धा रोडचे सिग्नल. मग कुणीतरी सांगतं, व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, गेली असेल, नाहीतर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमच बदलून टाक. खर्च करण्याआधी एक करा. तोच रस्ता, तोच गिअर, पण पहाटे साडेपाचला. ताकद परत आली तर दोष बहुधा कॅमचा नाही. दुपारी टर्बोने दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर तापतो, सिलिंडरमध्ये गरम हवा जाते आणि नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो. इंटरकूलरसमोरची धूळ-पानं काढा, टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे होज आणि क्लॅम्प तपासा.

पहाटेही गाडी मेलेलीच वाटली, तर पुढची शंका ऑइलवर घ्या. "भाऊ, उन्हाळा हाय, जाड ऑइल टाकून द्या" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, आणि जुन्या इंजिनांना तो चालूनही गेला. पण कॅम पुढे-मागे फिरवणारा फेजर बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइलच्या दाबावरच चालतो. ज्या इंजिनाला 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 असं पातळ ऑइल सांगितलंय, त्यात जाड 20डब्ल्यू-50 ओतलं की फेजरला ऑइल सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतून ते वेळेवर पोचत नाही. बाहेर 45 अंश असले तरी आतलं ऑइल 90-100 च्या आसपासच चालतं, आणि कंपनी ग्रेड ठरवते ते हा हिशेब धरूनच. सकाळी गाडी सुरू करताना पुढून दोन सेकंद खडखड येत असेल, तर फेजरची लॉक पिन झिजलेली असू शकते किंवा तिथे ऑइल उशिरा पोचत असेल. लक्ष द्या.

स्कॅनरवर पी-0011 हा एरर कोड आला की लगेच त्या कंट्रोल व्हॉल्व्हचा सोलेनॉइड बदलतात. या कोडचा अर्थ एवढाच की इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे गेलाय. का गेला, हे कोड सांगत नाही. ऑइलची पातळी, ग्रेड आणि सोलेनॉइडची बारीक जाळी आधी बघा. मग स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ईसीयूने मागितलेला कॅमचा कोन आणि मिळालेला कोन शेजारी लावा. मिळालेला कोन येतो पण रेंगाळत येतो, तर ऑइलची वाट चोंदलेली असू शकते. पी-0016 मात्र वेगळा: क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) आणि कॅमचा मेळच बसत नाही. चेन ताणलेली किंवा एखादा दात सरकलेला असू शकतो. अशी गाडी समृद्धीवर 120 ने नेऊ नका. पिस्टन आणि व्हॉल्व्ह भिडले तर हेड उघडावं लागेल.

आता खरा विषय, कॅमची निवड. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाचा 'रेस कॅम' टर्बोला लावणं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आत इनटेक उघडतो, त्या दरम्यानच्या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला वरच्या आरपीएमला तो फायद्याचा. टर्बोमध्ये मात्र एकच प्रश्न विचारायचा: त्या क्षणी दाब कुठे जास्त आहे, इनटेकमध्ये की टर्बाइनच्या (टर्बोतल्या, जळक्या वायूने फिरणाऱ्या चक्राच्या) आधीच्या एक्झॉस्टमध्ये?

खालच्या आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की बूस्टचा, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब बहुधा वरचढ ठरतो. तेव्हा ओव्हरलॅप वाढवला तर ताजी हवा जळका वायू ढकलून देते, टर्बाइनकडे जास्त हवा जाते आणि टर्बो लवकर जागा होतो. आरपीएम वर गेलं की कंपनीचा छोटा टर्बो स्वतःच अडथळा बनतो. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या पुढे जातो, जळका वायू मागे फिरतो, तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं. एकच ठरलेला कॅम या दोन्ही ठिकाणी बरोबर असूच शकत नाही. व्हीव्हीटीचं मोल इथे कळतं, आणि ती यंत्रणा 'लॉक' करून मोठा कॅम बसवणं मला पटत नाही. मित्सुबिशीने 2005 च्या इव्हो नाइनमध्ये टर्बो इंजिनाच्या इनटेक कॅमला बदलतं टायमिंग दिलं, ते उगाच नाही.

इंजेक्शनही बघा. फ्रॉन्क्सच्या 1.0 बूस्टरजेटसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये एक्झॉस्ट मिटल्यावर इंधन सोडता येतं, म्हणून निसटते ती नुसती हवा. पोर्ट इंजेक्शनमध्ये हवेबरोबर पेट्रोलही निसटतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. शिवाय निसटलेल्या हवेमुळे ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ दाखवतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवून इंधन वाढवत गेलात, तर सिलिंडरमधलं मिश्रण गरजेपेक्षा घट्ट होतं.

कॅमसोबत येणारं मोजमापांचं कार्ड वाचताना अंश कुठले ते विचारा. क्रँकचे 50 अंश म्हणजे कॅमचे 25. ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो) किती लिफ्टला (व्हॉल्व्ह किती उचललेला धरून) मोजलंय तेही पाहा, नाहीतर दोन कॅमची तुलनाच चुकते.

बसवताना पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर खेळण्यातल्या मऊ मातीचा (क्लेचा) गोळा ठेवून मोजतात, पण फेजर मूळ जागी ठेवून. ते अपुरं आहे. इनटेक पूर्ण पुढे आणि एक्झॉस्ट पूर्ण मागे नेऊन मोजा. इनटेकला सुमारे 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटर जागा हवी. स्प्रिंगचाही हिशेब करा: 30 मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर 1 बार बूस्ट म्हणजे जवळपास 7 किलोचा धक्का, आणि तो व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने. हे सगळं जमलं तरी ईसीयूच्या जुन्या मॅपवर (इंधन-ठिणगीच्या तक्त्यावर) गाडी पळवू नका. कॅम बदलला की प्रत्येक आरपीएमला सिलिंडरमध्ये भरणारी हवा बदलते, आणि ईसीयूला ते नव्याने शिकवावं लागतं.