थायरॉईडची गोळी: डोस वाढवण्याआधी घेण्याची पद्धत तपासा

थायरॉईड कमी पडतंय का, याच्या निदानाला टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की चढणारं संप्रेरक) आणि फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) या रक्ततपासण्या बहुतेक वेळा पुरतात. अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) एकदा झाली की झाली, ती दर वेळी करण्यात अर्थ नाही. लेव्होथायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉईडच्या गोळीचा, डोस वजन, वय आणि हृदयाची तब्येत पाहून डॉक्टर ठरवतात.

घोळ होतो तो गोळी घेण्यात. उपाशीपोटी म्हणजे नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, काहीही नाही. कॉफीसुद्धा नाही! 'कॉफी म्हणजे काही खाणं नव्हे' असं म्हणून लोक गोळीपाठोपाठ कप तोंडाला लावतात आणि औषध नीट शोषलं जात नाही. त्याहून वाईट म्हणजे सकाळच्या सगळ्या गोळ्या एका घोटात घेणं. लोह, कॅल्शियम आणि अँटासिड हे औषधाला पोटातच धरून ठेवतात, म्हणून मध्ये चार तास जाऊ द्या. मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा लोह-कॅल्शियम असतं, हे हमखास विसरलं जातं. मग टीएसएच चढतं, डोस वाढतो. पुढे कधीतरी कॅल्शियम बंद होतं आणि तोच वाढलेला डोस जास्त होऊन छाती धडधडू लागते. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घ्या, जेवणानंतर तीन तासांनी. पण वेळ रोज तीच ठेवा.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात आणि टीएसएच त्याहून सावकाश हलतं, त्यामुळे पंधरा दिवसांत काढलेला रिपोर्ट दिशाभूल करतो. रक्त सकाळी ठरलेल्या वेळी द्या, त्या दिवशीची गोळी नंतर घ्या. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडे खोटे येतात.

फ्री टी४ नॉर्मल पण टीएसएच चढलेलं, असा रिपोर्ट पुष्कळदा महिनाभर गोळ्या चुकवून शेवटच्या आठवड्यात नेमाने घेतल्याने येतो. चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांना मोजून सांगा. लपवल्यात तर डोस विनाकारण वाढेल.

रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, तेव्हा मनाने बंद करू नका. गोळीची कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा. गरोदर असल्याचं कळलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण तेव्हा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो.