आळ्यात गांडुळासारखा जीव दिसल्यास: नागपूर जिल्ह्यातील संत्रा बागायतदार व रोपवाटिकांसाठी पावसाळी सल्ला

मृगाच्या पावसानंतर शेणखताच्या खड्ड्यात, आच्छादनाखाली आणि रोपांच्या पिशव्यांत लांबट, बिनपायाचे जीव वर येतात. त्यांना सापाची पिल्ले समजून मारले जाते, नाहीतर कीड समजून क्लोरपायरिफॉसची आळवणी केली जाते. दोन्हींची गरज नाही. आधी ओळख पटवा.

गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात, पण जबडा नसतो. वाळा हा बिनविषारी साप वीतभर लांब आणि सुतळीएवढा जाड असतो. त्याचे अंग कोरडे, चकचकीत आणि बारीक खवल्यांचे असते, वळ्या नसतात. शेपटीच्या टोकाला सूक्ष्म काटा असतो. तो टोचला तरी इजा होत नाही. मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या हेच वाळ्याचे खाणे, म्हणून बागेत तो असलेला चांगला. तिसरा जीव देवगांडूळ. त्याला गांडुळासारख्या वळ्या असतात, पण जबडा आणि दातही असतात. त्वचा ओलसर, बुळबुळीत असते आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान बारीक स्पर्शिका (चाचपण्याचा मिशीसारखा अवयव) असते.

देवगांडूळ साप नाही आणि किडाही नाही. बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्याप्रमाणे तो उभयचर आहे. उभयचरांच्या तीन गणांपैकी जिम्नोफिओना हा त्याचा गण. महाराष्ट्रातल्या नोंदी सह्याद्री आणि कोकणातल्या आहेत. इंडोटिफ्लस बॅटर्सबायी ही जाती १९६० मध्ये खंडाळ्याच्या नमुन्यांवरून, तर गेगेनिओफिस डॅनिएली २००३ मध्ये आंबोलीच्या नमुन्यावरून वर्णिली गेली. इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस कोयना परिसरातली. या जिवांना वर्षभर ओल धरणारी, भुसभुशीत माती लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि काळ्या जमिनीला भेगा पडतात. म्हणून नागपूरच्या आळ्यात निघालेला जीव बहुतेक वेळा वाळा किंवा गांडूळच असतो.

मात्र कोकणातून नारळ, सुपारी, मिरीची रोपे मातीच्या गोळ्यासह येतात, त्यांतून काहीही येऊ शकते. वाळा तर कुंड्यांच्या मातीतूनच जगभर पसरला. अशी रोपे लावण्यापूर्वी ताडपत्रीवर ठेवून गोळा बाहेरून तपासा. बाहेरून आलेला जीव आपल्या वावरात किंवा नाल्यात सोडू नका.

हाताने काहीही उचलू नका. मण्याराचे पिल्लूही बारीक, काळे, चकचकीत असते. त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात, पण चिखलात ते दिसत नाहीत. चावा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, म्हणून लोक घरीच थांबतात आणि जीव गमावतात. चावल्याची नुसती शंका असली तरी अवयव हलवू न देता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्या. कापू नका, आवळून बांधू नका.

मीठ टाकून जीव मारण्याची पद्धत बंद करा. उभयचर आणि गांडूळ त्वचेवाटे श्वास घेतात. मिठाने ते तडफडून मरतात आणि आळ्यातली मुळेही करपतात. फोरेट या कीटकनाशकावर देशात बंदी आहे. जुना साठा असला तरी वापरू नका. खोडाला बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) जरूर लावा, पण उरलेले मलम आणि बादली धुतलेले पाणी चरात किंवा बोडीत ओतू नका. मोरचुदातले तांबे बेडकांच्या डिंभांना (पाण्यातल्या शेपटीवाल्या पिल्लांना) आणि गांडुळांना घातक आहे. लागेल तेवढेच मलम बनवा.

वळ्या आणि जबडा दोन्ही असलेला जीव खरोखरच दिसला, तर ती नोंद मोलाची आहे. लांब काडीने किंवा फावड्याने त्याला ओलसर माती घातलेल्या खोल बादलीत घ्या, वर जाळी बांधा, सावलीत ठेवा. कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो लगेच सुकतो. डोके बाजूने, शेपटीचे टोक आणि मोजपट्टीशेजारी पूर्ण लांबी, असे तीन फोटो काढा. रोप कुठून आले तेही लिहून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.