‘अंदाजपंचे’ कागदावर: घरची पाककृती दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीने नाशिकहून फोन करून थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण विचारलं. मी धान्यं, डाळी भराभर सांगत गेले. मेथी किती, असं तिने विचारल्यावर म्हटलं, “मूठभर घाल.” आमच्या सासूबाई मूठभरच घालतात, मी वर्षानुवर्षं बघत आले होते. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. दोन किलो भाजणी दळून आणली आणि सगळी कडू निघाली होती. धान्य निवडण्या-धुण्यापासून गिरणीपर्यंत तिचे दोन दिवस गेले होते, मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी मी सासूबाईंची मूठ काट्यावर मोजली. बोटांच्या पेरांत मावेल तेवढीच मेथी त्या घेतात: 11 ग्रॅम. माझी मूठ भरली 36 ग्रॅम. तेव्हापासून मी घरच्या पाककृती नीट लिहून काढते आहे आणि कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा त्यांची देवाणघेवाण करतो. त्यातून हाताला लागलेली रीत इथे सांगते.

सुरुवात रोजच्या पदार्थापासून करा

सणाचा पदार्थ वर्षातून एकदा होतो, चूक सुधारायला पुन्हा वर्ष थांबावं लागतं. आमटी, कुळथाचं पिठलं, मेतकूट, लसणाची चटणी, नाचणीची आंबील, असं काहीतरी घ्या. आठवड्यात दोनदा होणारी गोष्ट महिन्याभरात पक्की लिहून होते. विकतचा तयार मसाला घालत असाल तर तसं लिहा; लपवलंत तर समोरच्याची आमटी तुमच्यासारखी होणार नाही.

हात थांबवू नका, डबा काट्यावर ठेवा

आपली आई, आजी, सासू किंवा आत्या स्वयंपाक करत असताना मध्येमध्ये “थांबा, मोजते” म्हटलं की त्यांची लय तुटते आणि प्रमाणही बदलतं. सासूबाई मला म्हणाल्याच, “अगं, हाताला माहितीये ते. तू विचारलंस की मला काही सुचत नाही.” त्यावर सोपा मार्ग सापडला. ज्यातून वस्तू घेतली जाते तो डबाच काट्यावर ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. त्यांनी हवं तेवढं घेतलं की काटा वजा आकडा दाखवतो. उणे 250 म्हणजे अडीचशे ग्रॅम गेले. बोलायचं नाही, फक्त टिपून घ्यायचं.

एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत मिळतो. हिंग, हळद यांसारख्या चिमूटभर गोष्टींसाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, पाच ग्रॅमच्या खाली तो चुकतो. तिथे 5 मिलिलिटरचा मापाचा चमचा वापरा. पोह्याचा चमचा घरोघरी वेगळा असतो, त्यामुळे ‘एक चमचा’ एवढंच लिहून काही कळत नाही.

वाटीचंही तसंच. पण वाटीने मोजायची सवय मोडायचं कारण नाही. आपली वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. आमची वाटी 160 ची निघाली. वहीच्या पहिल्या पानावर ‘या वहीतली वाटी 160 मिलिलिटरची’ असं एकदा लिहिलं की पुढे सगळीकडे वाटी चालते.

जुन्या वह्यांत चिपटं, मापटं, शेर, पायली सापडतात. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्याचा शेर गावोगाव वेगळा होता, म्हणून त्याचे किलो करत बसू नका. सगळे जिन्नस त्याच मापात दिले असतील तर प्रमाण तेवढं उचला.

वेळ नको, खूण लिहा

‘पाच मिनिटं भाजा’ हे वाक्य माझ्या वहीत आता जवळजवळ कुठेच नाही. गॅस, कढई, धान्याचा ओलावा, सगळंच वेगळं असतं. डोळ्याला, नाकाला, कानाला काय कळतं ते लिहायचं. भाजणीचंच पान उतरवते, म्हणजे लक्षात येईल.

ज्वारी 500 ग्रॅम, बाजरी 500, तांदूळ 250, गहू 250, हरभऱ्याची डाळ 250, अख्खे उडीद 125, मटकी 125, धणे 100, जिरे 25, मेथी 10 ग्रॅम. तांदूळ, ज्वारी, बाजरी धुऊन सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवायची. दाताखाली कटकन तुटली म्हणजे वाळली. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तांदूळ भाजून होईपर्यंत जिरे जळतात. तांदूळ फुगून पांढरेशुभ्र आणि हाताला हलके लागले पाहिजेत. बाजरी तडतडायला लागली की लगेच उतरवायची. डाळीला तांबूस रंग येतो आणि चण्या-फुटाण्यांच्या दुकानाजवळून जाताना येतो तसा वास सुटतो. उडदाचा रंग कळत नाही, तिथे खमंग वास हीच खूण. धणे-जिरे नुसते गरम करायचे. मेथीचा रंग जेमतेम पालटू द्यायचा, काळपट झाली की कडूपणा दुप्पट.

पुढे गिरणी. पूर्ण गार झाल्याशिवाय न्यायची नाही. “थालीपिठाची भाजणी आहे, जराशी जाडसर” असं सांगायचं आणि आधी काय दळलंय ते विचारायचं. मिरच्या दळल्या असतील तर दुसऱ्या गिरणीत जायचं. पीठ गरम येतं. घरी आल्यावर ताटात पसरून निवू द्यायचं. गरम पीठ डब्यात भरलं तर आत वाफ धरते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्या पिठाला आठवड्यात कुबट वास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मंच करावं.

ही एवढी बारीक हकीकत लिहायला कंटाळा करू नका. जिन्नसांची यादी कुठेही मिळते. चूक होते ती या जागांवर.

महिना आणि वाण लिहा

पुण्यात मे महिन्यात विरजण पाच-सहा तासांत लागतं, जानेवारीत रात्रभर ठेवूनही सकाळी दूध सैलच असतं. म्हणून दही, आंबील, इडली, आंबोळी यांच्या पानावर महिना लिहितेच. तांदळाचंही नाव हवं. मावळातल्या इंद्रायणीचा भात चिकट, मऊ होतो. तोच पदार्थ मोकळ्या होणाऱ्या कोलमने केला तर बिघडला असं वाटेल. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त.

दुसऱ्याकडून करून घ्या, आणि गप्प बसा

लिहून झालं की कागद अशा माणसाला द्या ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही. शक्य असेल तर समोर बसा, पण एक शब्द बोलू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे तुमच्या लिखाणात भोक आहे. आमच्या शेजारच्या काकांनी माझ्या कागदावरून पिठलं केलं तेव्हा ‘पीठ लावा’ या दोन शब्दांशी ते पाच मिनिटं उभे होते. गार पाण्यात आधी कालवायचं की उकळत्या पाण्यात भुरभुरायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. आमच्याकडे कुळथाचं पीठ गार पाण्यात सरबरीत कालवून मग उकळीत ओततात, सतत ढवळत. आता ते लिहिलं आहे, आणि काका दर आठवड्याला पिठलं करतात.

तब्येतीचा सल्ला देताना

इथे मी फार काटेकोर आहे. नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक, असं समजून आपण बेधडक सल्ले देतो. दुधी भोपळ्याचा रस हे अगदी जवळचं उदाहरण. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, उलट्या-जुलाबांपासून जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून आमच्या वहीत दुधीच्या प्रत्येक पानावर आधी ओळ आहे: कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका, दुधी टाकून द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, हेही ठळक लिहा. आजी-आजोबा प्रेमाने चाटवतात, पण त्यातून बाळाला बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

सल्ला लिहिताना आम्ही तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: ठाऊक असलेलं, आपला अनुभव आणि घरची समजूत. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पालेभाजीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं. हे पहिल्या रकान्यात. ‘आंबील प्यायले की मला उन्हाळ्यात बरं वाटतं’ हे दुसऱ्यात, आणि ते ‘मला’ गाळायचं नाही. ‘मधुमेहावर रामबाण’ असलं काही कुठेच लिहायचं नाही. गूळही बहुतांश साखरच आहे, रक्तातली साखर तोही वाढवतो. सैंधव वापरणाऱ्या घरांत बहुधा आयोडीन मिळत नाही, तेही सांगा. गोळ्या चालू असलेल्या माणसाने मेथीचं पाणी सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. पानाच्या वर शेंगदाणे, तीळ, गहू, दूध यांपैकी काय आहे ते लिहा. ज्याला सोसत नाही त्याला आधी कळलं पाहिजे.

देवाणघेवाण

महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येकाने एक पान आणि त्याच पानावरून केलेल्या पदार्थाचा छोटा डबा आणायचा, एवढाच नियम. पानाच्या प्रती काढतो किंवा मोबाईलवर फोटो घेतो. पाककृती कुणाकडून, कुठल्या गावची, हे वर लिहायचं. ‘सासूबाईंची, माहेर वाईचं’ एवढं पुरतं. कुणाला नाव नको असेल तर गावच लिहा. घरातल्या कुणी नको म्हटलं तर ती पाककृती बाहेर काढायची नाही.

पानाचा खालचा चार बोटं भाग कोरा सोडायचा. ज्याने करून पाहिलं तो तिथे महिना आणि काय बदललं ते लिहितो. माझ्या भाजणीच्या पानाखाली आता पाच नोंदी आहेत. एकीने गव्हाऐवजी नाचणी घातली, थालीपीठ चरचरीत झालं पण थापताना कडा चिरल्या, पाणी कोमट घेतल्यावर जमलं. एका मुलाने लिहिलंय की कामावरून दमून आल्यावर वीस मिनिटांत जेवण होतं. सगळ्यात खाली मावसबहिणीचं अक्षर आहे, दिवाळीत आली होती तेव्हाचं: ‘मेथी 10 ग्रॅम घातली. मोजून. छान झाली.’