खाजगी विद्यापीठात प्रवेश घेताय? आधी या चुका टाळा

जून उजाडला की माझा फोन थांबत नाही. बारावीला शिकवून झालेली माझी पोरं, त्यांची धाकटी भावंडं, शेजारच्या गल्लीतले पालक. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. "सर, युनिव्हर्सिटी चांगली आहे का?" "सर, प्लेसमेंट होते का?" "सर, हॉस्टेलला एसी आहे म्हणतात." शेवटच्या प्रश्नाला मी आता उत्तरही देत नाही.

प्रश्न विचारतात याचा आनंद आहे. पण ते विचारतात कुणाला? प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या, गळ्यात पट्टा अडकवलेल्या त्या गोड बोलणाऱ्या काउन्सेलरला. त्याचा पगार तुमच्या प्रवेशावर चालतो, त्यामुळे त्याचं उत्तर नेहमी 'हो'च असतं.

सीईटीचे मार्क लागले म्हणजे कॅपमधून प्रवेश मिळाला, असं समजणं

ही माझी सर्वात नावडती चूक. सगळ्यात जास्त पैसे हिच्यात जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. तिलाच आपण कॅप म्हणतो. खाजगी विद्यापीठं या प्रक्रियेच्या बाहेर असतात. त्यांचे प्रवेश ती स्वतः करतात, मग कधी स्वतःची परीक्षा घेतात, तर कधी तुमचा सीईटी किंवा जेईईचा स्कोअर बघतात. इथेच गफलत होते. स्कोअर बघितला म्हणजे प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झाला, असं घरच्यांना वाटतं. आणि सरकारच्या बहुतेक मोठ्या फी-सवलती कॅपला बांधलेल्या असतात.

२०२४ ची गोष्ट. ८ जुलैला शासन निर्णय निघाला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी कित्येक महिने घोषणा गाजत होतीच. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी ती ऐकली होती आणि त्याच भरवशावर जूनमध्येच एका खाजगी विद्यापीठात तिचा कॉम्प्युटरचा प्रवेश करून टाकला. काउन्सेलर म्हणाला होता, "मुलींना फी माफच होणार आहे, फक्त आता सीट ब्लॉक करा, दोन दिवसांत संपतील." नव्वद हजार भरले. दाखला, दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं, सगळं त्यांच्या ताब्यात.

ऑगस्टमध्ये मुलगी महाडीबीटीवर, म्हणजे सवलती-शिष्यवृत्त्यांच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म भरायला बसली, तर यादीत तिची संस्थाच सापडेना. मला फोन आला. मी म्हटलं, शासन निर्णय उघड आणि कंसात काय लिहिलंय ते मोठ्याने वाच. तिने वाचलं. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. तिचं खाजगी विद्यापीठ यातल्या दुसऱ्या प्रकारातलं. पुढच्याच ओळीत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची अट. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वडिलांचा आवाज आला, "सर, हे कंसात का लिहितात हो?"

एक गोष्ट मात्र नशिबाने जुळलेली होती. माझी जुनी सवय आहे, पोर कुठेही जाणार असो, कॅपचा फॉर्म मी भरून घेतोच. "कशाला सर, प्रवेश तर झाला की," असं तिचे वडील म्हणाले होते. तरी तिने भरला होता. त्यामुळे फेरी तिच्यासाठी उघडी होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विनाअनुदानित कॉलेजात तिचा नंबर लागला आणि तिथे सवलतही लागू झाली. पण आधीचा प्रवेश सुटायला जे झालं ते वेगळंच, ते पुढच्या चुकीत सांगतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचीही हीच कथा. कॅप नाही तर शिष्यवृत्ती नाही. विद्यापीठ स्वतःची 'स्कॉलरशिप' देतं ती वेगळी, तिच्या अटी वेगळ्या. पहिल्या वर्षी पंचवीस टक्के सूट, आणि दुसऱ्या वर्षापासून अमुक एक सीजीपीए (सरासरी श्रेणी-गुण) टिकवला तरच, असं बारीक अक्षरात असतं. सूट टिकली नाही तर चार वर्षांची फी किती होईल, हा आकडा काढून मगच पेढे वाटा.

फोनवर 'कॅन्सल करतोय' सांगून मोकळं होणं

त्या मुलीच्या वडिलांनी ऑगस्टच्या शेवटी टेबलावर फोन करून सांगितलं की प्रवेश नको. पलीकडून "ठीक आहे, सरांना सांगतो" असं उत्तर आलं. यांना वाटलं, झालं काम. दहा दिवसांनी विचारलं तर तिथे कुणालाच काही माहीत नाही. फोन घेणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसीचा) ऑक्टोबर २०१८ चा नियम मी पाठ करून ठेवलाय, कारण तो दर वर्षी कामाला येतो. प्रवेशाची जाहीर केलेली शेवटची तारीख धरायची. तिच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. त्यातून जास्तीत जास्त पाच टक्के कापता येतात, तेही पाच हजारांच्या वर नाही. शेवटच्या तारखेला पंधरापेक्षा कमी दिवस उरले असताना आलात तर नव्वद टक्के. शेवटची तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के, तीस दिवसांपर्यंत पन्नास. त्यानंतर शून्य. शिवाय आयोग अनेकदा त्या-त्या वर्षासाठी वेगळी, जास्त उदार तारीख जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण परतावा होता. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायलाही आयोगाची मनाई आहे. पडताळणी करून ती परत द्यायची असतात.

हे सगळं दिवसांवर मोजलं जातं, म्हणजे तुमच्याकडे तारखेचा पुरावा हवा. मी त्या बापलेकीला घेऊन गेलो. अर्ज दोन प्रतींत, कारणासकट, आयोगाच्या नियमाचा उल्लेख करून. टेबलावरच्या मुलीने अर्ज घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. "आमच्याकडे तशी पद्धत नाही." मग आम्ही बाकावर बसलो. डबा उघडला. दुपारी तीनला आवक विभागाचा शिक्का मिळाला. त्याच संध्याकाळी अर्जाचा फोटो कुलसचिवांच्या ईमेलवर पाठवला.

दाखला चार दिवसांत मिळाला. पैसे नाही. नोव्हेंबरमध्ये आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर शिक्का मारलेली प्रत जोडून तक्रार टाकली आणि डिसेंबरात रक्कम खात्यात आली. फोनवरच्या त्या दहा दिवसांच्या भरवशावर बसलो असतो तर ३० सप्टेंबर कधी गेला ते कळलंही नसतं.

माझी पद्धत तेव्हापासून एकच: काउन्सेलर काहीही सांगो, घरी येऊन त्याला ईमेल करायचा. "आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार फी इतकी, सूट इतकी, परतावा असा. काही चूक असल्यास कळवावे." उत्तर आलं तर कागद झाला. नाही आलं तर तेही उत्तरच.

'यूजीसी मान्यता आहे का?' एवढंच विचारून थांबणं

हा प्रश्न विचारला की समोरचा हसतो, कारण तो सोपा आहे. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून खाजगी विद्यापीठ स्थापन केलं की ते आयोगाच्या यादीत येतं. आयोगाच्या संकेतस्थळावर ती यादी राज्यवार आहे, दोन मिनिटांत बघून होते. तिथेच बोगस विद्यापीठांचीही यादी असते. त्या यादीत वर्षानुवर्षं नागपूरचंही एक नाव आहे, तेव्हा असले प्रकार फक्त दूरच्या राज्यांत होतात असं समजू नका.

विचारायचा प्रश्न आहे: माझ्या कोर्सला कुणाची मान्यता लागते, आणि ती या वर्षीची आहे का? कायद्याच्या पदवीला बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, आर्किटेक्चरला त्यांची परिषद, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल. विद्यापीठ शंभर टक्के खरं असूनही या परिषदेची मान्यता नसेल, तर पदवी हातात आणि नोंदणी मात्र नाही, अशी अवस्था होते. 'अर्ज केलाय, येईलच' म्हणजे आज मान्यता नाही.

आणि कुणी तुमच्या तालुक्यात गाळा भाड्याने घेऊन 'अमुक विद्यापीठाचं केंद्र' थाटलं असेल तर तिथून चपला घालून सरळ घरी या. खाजगी विद्यापीठाला कॉलेजं संलग्न करता येत नाहीत. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा करून असा सुकाळ केला होता. शंभराच्या वर विद्यापीठं, कित्येकांना धड इमारतसुद्धा नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ प्राध्यापक यशपाल यांच्या याचिकेवर त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं कागदावरूनही गेली. आता नियम कडक आहेत, पण गाळे अजून दिसतात.

अभिमत आणि खाजगी यांत गल्लत करणारेही पुष्कळ. अभिमत दर्जा केंद्र सरकार आयोगाच्या कायद्याच्या कलम ३ खाली देतं, खाजगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने होतं. फी आणि प्रवेशाबाबत प्रश्न विचारताना आपण कुठल्या दारात उभे आहोत ते माहीत असावं.

पॅकेजचा आकडा पाहून भुलणं

फलकावर एका पोराचा फोटो आणि खाली '४४ लाख'. त्या पोराचं अभिनंदन. बाकीच्या चारशेंचं काय?

यावर माझा उपाय फुकट आहे आणि तरीही कुणी करत नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत भाग घेणारी संस्था दरवर्षी माहिती भरते: किती विद्यार्थी पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार किती. ही पीडीएफ संस्थेच्या आणि एनआयआरएफच्या संकेतस्थळावर असते. मध्यक म्हणजे रांगेत बरोबर मधे उभ्या असलेल्या पोराचा पगार. ४४ लाखांच्या फलकाखाली मध्यक साडेचार निघालेला मी पाहिलाय. पीडीएफ सापडतच नसेल तर ईमेल करून मागा. पोरं मला म्हणतात, "सर, एवढं कोण वाचणार, तुम्हीच सांगा ना." चार वर्षं आणि बापाचे दहा-बारा लाख घालायला निघालात, आणि चार पानं वाचायचा कंटाळा?

बाकीच्या, थोडक्यात

नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेची, श्रेणी कोणाला मिळाली ते बघा. कधीकधी ती त्याच संस्थेच्या जुन्या कॉलेजची असते आणि फलक नव्या विद्यापीठाच्या गेटवर. मुदतही बघा, साधारण पाच वर्षांची असते. आणि श्रेणी म्हणजे देववाणी नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केलीय.

'वर्षाची फी' विचारू नका. चार वर्षांची विचारा, परीक्षा शुल्क, डिपॉझिट, बस आणि दरवर्षीच्या वाढीसकट.

कर्ज काढणार असाल तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेचं नाव ऐकून निश्चिंत होऊ नका. ती योजना निवडक संस्थांसाठी आहे, आणि खाजगी संस्था त्यात एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात असेल तरच येते. आधी यादी, मग बँक.

शाखा बदलता येईल, असं तोंडी सांगितलं असेल तर येत नाही असं धरून चाला.

एजंटामार्फत जाऊ नका. यावर मला चर्चाही करायची नाही.

आणि 'ओपन डे'ला कॅम्पस बघायला जाऊ नका. त्या दिवशी कारंजं चालू असतं. मी पोरांना परीक्षेच्या महिन्यात, मंगळवार-बुधवारी पाठवतो आणि सांगतो, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर तासभर बस. तिथे तिसऱ्या वर्षाची मुलं असतात. त्यांना फक्त तीन गोष्टी विचारायच्या: मागच्या सत्रात किती विषयांना कायमचे शिक्षक होते, निकाल किती दिवसांनी लागला आणि लायब्ररी रात्री किती वाजता बंद होते. गेल्या वर्षी पाठवलेला एक मुलगा परत येऊन म्हणाला, "सर, लायब्ररी कुठे आहे हे सहापैकी चौघांना माहीत नव्हतं." त्याने कॅपची पुढची फेरी भरली.