फ्लॅप सर्जरीनंतर पायाच्या या चुका टाळा, कळकळीने सांगतेय

बाइकचा अ‍ॅक्सिडेंट, नडगीचं हाड उघडं पडलेलं, मग प्लास्टिक सर्जन तिथे मसल फ्लॅप, म्हणजे शरीरातलाच जिवंत स्नायू, लावतात आणि वरून मांडीची पातळ कातडी. जखम गुडघ्याजवळ असेल तर बहुतेक वेळा पोटरीचाच एक भाग वळवून घेतात, घोट्याजवळ असेल तर बऱ्याचदा पाठीचा नाहीतर मांडीचा स्नायू रक्तवाहिन्यांसकट आणून जोडतात. माझ्याकडे फिजिओला दोन्ही प्रकारचे पेशंट येतात आणि पहिलं वाक्य तेच, "मॅडम, फ्लॅप जगला, आता टेन्शन नाही." अरे, फ्लॅप जगला म्हणजे जखम झाकली गेली, चालणं अजून कमवायचंय.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे गुडघ्याखालची उशी. पाय वर ठेवा असं सांगितलेलं असतं, घरचे मायेने मऊ उशी सरकवतात, पेशंटलाही बरं वाटतं, आणि गुडघा वाकलेलाच राहतो, पाऊल स्वतःच्या वजनाने खाली झुकतं आणि टाचेमागची शीर हळूहळू आखडत जाते. डिलिव्हरीचं काम करणारा एक मुलगा तीन महिन्यांनी आला. फ्लॅप छान बसलेला, हाड जुळत आलेलं, पण टाच जमिनीपासून दोन बोटं वर, वॉकर धरून चवड्यावर चालत होता. डिस्चार्ज कार्डवर 'घोट्याचे व्यायाम' लिहिलं होतं, करून कुणीच दाखवलं नव्हतं, आणि त्याची आई म्हणाली, "ताई, हलवला तर टाके तुटतील असं वाटलं हो." ती टाच टेकवायला चार महिने गेले, ताण देताना पोरगा रोज रडायचा. खूप वाईट वाटतं अशा वेळी, कारण हे टळलं असतं.

म्हणून माझ्या पेशंटना मी पहिल्या दिवशीच सांगते, आधार पोटरीपासून घोट्यापर्यंत सलग द्या, फ्लॅपवर दाब नको, टाच अधांतरी, गुडघा सरळ, पाऊल काटकोनात. स्प्लिंट, म्हणजे पाऊल काटकोनात धरून ठेवणारा आधार, दिलाय तर रात्री झोप येत नाही म्हणून काढून ठेवायचा नाही. सर्जनने हलवायला परवानगी दिली की जुनी ओढणी चवड्याला अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं, तीस आकडे मोजायचे, दहा वेळा. चहा घेतला की ओढणी, अशी सवय लावते मी, घड्याळ लावून कुणी करत नाही.

दुसरी चूक, शेक. कृपा करून फ्लॅपला शेक देऊ नका, गरम पाण्याची पिशवी नको, विटेचा नको, मिठाच्या पुरचुंडीचा नको. त्या भागाला संवेदना नसते किंवा फारच कमी असते, त्यामुळे भाजतंय हे पेशंटला कळतच नाही. एका काकूंचा फ्लॅप सहा महिन्यांचा झाला होता, थंडीत पाय आखडतो म्हणून पिशवी ठेवून टीव्ही बघत बसल्या, उठल्या तेव्हा तळहाताएवढा फोड. पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा दीड महिना. अंघोळीचं पाणीसुद्धा आधी हाताने बघून घ्या.

पाय खाली सोडायची घाई पण नको. नवीन फ्लॅपला रक्त वर परत न्यायची सवय नसते, म्हणून सर्जन सांगतील त्या दिवसापासून, क्रेप बँडेज बांधून, पाच-पाच मिनिटांनी सुरुवात होते. खिडकीच्या उजेडात आधी एक फोटो, पाय वर घेतल्यावर एक फोटो. थोडा गडद होऊन पुन्हा पहिल्यासारखा झाला तर ठीक, जांभळा-काळपट राहिला, टम्म फुगला किंवा पांढरा-थंड पडला तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, सरळ सर्जनकडे जा. युट्यूब बघून चौथ्या दिवशी उभे राहणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सिगारेट, तंबाखू, मिश्री सगळं बंद, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात.

मांडीवर जिथून कातडी काढली ती जखम भरल्यावर खाज येते, खाजवू नका, खोबरेल तेल हलक्या हाताने.

फ्लॅप जाड दिसतो म्हणून घाबरू नका, नस तुटलेला स्नायू काही महिन्यांत बराच बारीक होतो.

वजन कधी टाकायचं हे नुसत्या फ्लॅपवर नाही, हाडावरही ठरतं, त्यामुळे प्लास्टिक सर्जनने हो म्हटलं तरी ऑर्थोवाल्यांना विचाराच. आणि पोटरीचा एक भाग गेला म्हणून चालणं जात नाही, उरलेला भाग आणि त्याच्या खालचा सोलियस नावाचा स्नायू काम सांभाळतात, फक्त टाचा उचलायचा व्यायाम, परवानगी मिळाल्यावर, ओट्याला धरून रोज करावा लागतो, आधी दोन्ही पायांवर, मग हळूहळू त्या एका पायावर.